प्रभामंडलातल्या चुंबकीय लहरी आणि दोलनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूर्याच्या बाह्य वातावरणातल्या लहरींचं निरीक्षण करू पाहणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न ओळखीचे आहेत, पुढचे डेटा हाताळताना अडलेल्यांचे. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. प्रभामंडलात लहर आहे म्हणजे नेमकं काय हलत असतं?

प्रभामंडल, म्हणजेच करोना, हा सूर्याच्या वातावरणाचा सर्वांत बाहेरचा आणि अतिशय विरळ भाग. डोळ्यांना दिसणाऱ्या दीप्तिगोलाचं तापमान सुमारे ५,८०० केल्व्हिन असतं, प्रभामंडलाचं १० ते २० लाख केल्व्हिन. एवढ्या उष्णतेत अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तयार झालेला प्लाझ्मा चुंबकीय बलरेषांना धरून राहतो. बलरेषा ताणलेल्या तारेसारख्या वागतात. बाजूला ढकलल्या की ताण त्यांना मागे खेचतो आणि त्यांच्यासोबत हलणाऱ्या प्लाझ्माचं जडत्व त्यांना मूळ जागेच्या पलीकडे नेतं. हा हेलकावा बलरेषेवरून पुढे सरकत गेला तर ती लहर. दोन्ही पाय दीप्तिगोलात रोवलेल्या कमानीत तो अडकून राहिला तर ते दोलन.

अशा लहरींची कल्पना हान्नेस आल्फव्हेन यांनी १९४२ मध्ये मांडली. त्यांना १९७० मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या लहरींचा वेग चुंबकीय क्षेत्राच्या प्रमाणात वाढतो आणि घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. क्षेत्र १० गॉस आणि घन सेंटिमीटरमध्ये १०० कोटी इलेक्ट्रॉन असतील, तर वेग सेकंदाला सुमारे ६३० किमी येतो. त्याच प्लाझ्मात ध्वनीचा वेग १० लाख केल्व्हिनला सेकंदाला साधारण १५० किमी असतो. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लहरीची जात ओळखताना ते सतत लागतात.

२. या लहरींचे प्रकार किती? चित्रात त्या वेगळ्या ओळखायच्या कशा?

निरीक्षकाला चार प्रकार पुरतात. किंक प्रकारात अख्खी कमान आडवी डोलते, तेज फारसं बदलत नाही. आवर्तकाल बहुधा २ ते १० मिनिटं. मंद लहर ही बलरेषेच्या दिशेनं धावणारी, जवळजवळ ध्वनिलहरच. तीत प्लाझ्मा दाबला जातो, म्हणून तेजाचे पट्टे सरकताना दिसतात आणि कमान मात्र जागेवरच असते. सॉसेज प्रकारात कमानीची जाडी कमी-जास्त होते. आवर्तकाल सेकंदांत मोजावे इतके लहान असल्यानं हा प्रकार बहुतेक वेळा सौरज्वालांच्या रेडिओ आणि क्ष-किरण नोंदींत शोधतात. पिळाची आल्फव्हेन लहर पाहायला सर्वांत अवघड: कमान स्वतःभोवती पिळते-उलगडते, पण तिची जागाही बदलत नाही आणि तेजही नाही (प्रश्न ११).

३. घरच्या सौर दुर्बिणीतून हे दिसेल का?

नाही. प्रभामंडलाचा दृश्य प्रकाश दीप्तिगोलाच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतका असतो, आणि आकाशात विखुरलेला सूर्यप्रकाशच त्याला झाकून टाकतो. हायड्रोजन-आल्फा दुर्बिणीतून दिसतो तो वर्णगोल (दीप्तिगोलाच्या वरचा पातळ थर) आणि सौरशिखा (कडेवर उठलेल्या ज्वाळांसारख्या रचना). मोठ्या सौरशिखा डोलताना दिसू शकतात, तो सुंदर अनुभव असतो, पण ते प्रभामंडल नव्हे. योग्य सौर फिल्टर नसलेल्या दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नका, दृष्टी कायमची जाते. लहरींच्या अभ्यासाचा खरा मार्ग खुल्या डेटाचा आहे, आणि तो घरबसल्या कुणालाही उपलब्ध आहे.

४. मग कोणत्या उपकरणाचा डेटा घ्यावा?

नवशिक्यानं सरळ नासाच्या सोलार डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी या यानावरच्या एआयए या अतिनील कॅमेऱ्यापासून सुरुवात करावी. २०१० पासूनचा डेटा आहे, पूर्ण सूर्यबिंब ४०९६ × ४०९६ पिक्सेलमध्ये येतं, दर १२ सेकंदांनी नवी फ्रेम मिळते आणि एक पिक्सेल ०.६ कोनीय सेकंद, म्हणजे सूर्यावर सुमारे ४३५ किमी, एवढा असतो. डोलणाऱ्या कमानींसाठी १७१ अँगस्ट्रॉमची वाहिनी (एकाच तरंगलांबीतलं चित्र) सर्वांत चांगली. तिथे आठ इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह चमकतं आणि कमानी रेखीव दिसतात. जरा उष्ण, १५ लाख केल्व्हिनच्या आसपासच्या प्लाझ्मासाठी १९३ घ्या.

चित्रात जागेवरून हलणं दिसतं, निरीक्षकाच्या दिशेनं होणारी हालचाल दिसत नाही. तिच्यासाठी वर्णपट लागतो. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेतलं कॉम्प आणि त्याची सुधारित आवृत्ती यूकॉम्प या करोनाग्राफ (दीप्तिगोल झाकून प्रभामंडल पाहणाऱ्या) उपकरणांनी १०७४.७ नॅनोमीटरच्या लोहरेषेत संपूर्ण प्रभामंडलाचा डॉप्लर वेग, म्हणजे दृष्टिरेषेतला वेग, मोजला आहे. हे काम किती नाजूक आहे ते पाहा. सेकंदाला ०.३ किमी वेगानं ही रेषा जेमतेम ०.००१ नॅनोमीटर सरकते, म्हणजे रेषेच्या स्वतःच्या रुंदीच्या साधारण दोनशेव्या भागाइतकी. आदित्य-एल१ वरचा व्हीईएलसी करोनाग्राफही याच रेषेत आणि ५३०.३ नॅनोमीटरच्या हिरव्या रेषेत वर्णपट घेतो. बारीक तपशिलासाठी सोलार ऑर्बिटरचा अतिनील कॅमेरा आहे, पण त्याचा डेटा दुसऱ्याशी जुळवण्याआधी प्रश्न १६ वाचा.

५. एक डोलणारी कमान पकडून मोजायची आहे. सुरुवातीपासून सांगाल का?

आधी घटना निवडा. मोठी दोलनं बहुतेक वेळा जवळच्या उद्रेकानं कमानीला धक्का दिल्यावर सुरू होतात. म्हणून सूर्यबिंबाच्या कडेजवळच्या सक्रिय भागातली एखादी सौरज्वाला शोधा आणि हेलिओव्ह्यूअर या संकेतस्थळावर तिच्या आधीपासून तासाभराचा चलत्पट पाहा. कड निवडायची कारण तिथे कमानीच्या मागे काळं आकाश असतं.

पूर्ण फ्रेम उतरवू नका. १६ बिटच्या एका पूर्ण फ्रेमला उलगडल्यावर सुमारे ३३ एमबी लागतात, तासाला ३०० फ्रेम धरल्या तर एका वाहिनीचेच १० जीबी. हवा तो ५०० × ५०० पिक्सेलचा तुकडा मागवला तर तेच काम १५० एमबीत होतं.

मग डेटा लेव्हल १ वरून लेव्हल १.५ वर न्या. पायथनमध्ये सनपाय आणि एआयएपाय ही मोफत साधनं आहेत. या पायरीत सर्व फ्रेमचं केंद्र, कोन आणि पिक्सेलमाप एकसारखं होतं. प्रत्येक फ्रेमला तिच्या एक्सपोजर वेळेनं भागा (का ते प्रश्न १४ मध्ये). कडेपासून दूरची कमान असेल तर सूर्याचं फिरणं वजा करा. बिंबाच्या मध्याजवळ ते तासाला ९-१० कोनीय सेकंद, म्हणजे १५-१६ पिक्सेल भरतं, आणि तुम्ही शोधताय ते दोलन बरेचदा त्याहून लहान असतं.

आता कमानीच्या माथ्याजवळ तिला काटकोनात एक आभासी फट आखा. लांबी ५०-६० पिक्सेल, आणि रुंदीत ५ पिक्सेलची सरासरी घ्या म्हणजे गोंगाट कमी होतो. प्रत्येक फ्रेममधली ही फट कापून एकाशेजारी एक उभी लावली की वेळ-अंतर नकाशा तयार होतो. कमान डोलत असेल तर त्यावर नागमोडी रेघ उमटते. ही रेघ पहिल्यांदा उमटताना पाहणं फार आनंदाचं असतं. पण लगेच मोजू नका. शेजारच्या स्थिर दिसणाऱ्या रचनेवर दुसरी फट टाका. तीही त्याच लयीत हलत असेल तर हलतंय ते यान, सूर्य नव्हे.

शेवटी प्रत्येक वेळेला फटीतल्या तेजाच्या उंचवट्यावर गाउसियन (घंटेच्या आकाराचा) वक्र बसवून त्याचं केंद्र काढा. असं केल्यानं पिक्सेलच्या अंशापर्यंत जागा मिळते. मग या केंद्रांवर विरत जाणारा साइन वक्र बसवा. आवर्तकाल, आयाम, विरण्याचा काळ, सुरुवातीची कला (हेलकावा त्या क्षणी कुठल्या टप्प्यावर आहे ते) आणि मूळ जागेचं हळूहळू सरकणं, एवढं त्यातून मिळतं. हे सरकणं वक्रातच धरा. ते आधी वेगळं वजा केलं तर प्रश्न ८ मधला घोटाळा होतो.

६. फ्रेम १२ सेकंदांनी येते, तर सर्वांत लहान कोणता आवर्तकाल मोजता येईल?

तत्त्वतः २४ सेकंद. प्रत्यक्षात एका हेलकाव्यात निदान पाच बिंदू हवेत, म्हणून एक मिनिटाखालच्या निष्कर्षावर आम्ही विसंबत नाही. वरची मर्यादा नोंदीच्या लांबीनं ठरते: किमान तीन पूर्ण हेलकावे बसले पाहिजेत. एक तासाच्या नोंदीतून २० मिनिटांपुढचा आवर्तकाल सांगू नये.

७. आवर्तकालावरून चुंबकीय क्षेत्र कसं काढतात? आकडे घालून दाखवा.

या विद्येचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. प्रभामंडलातलं चुंबकीय क्षेत्र थेट मोजणं अत्यंत कठीण असतं, पण कमान किती वेळात डोलते हे मोजलं की ते हाती लागतं. ट्रेस यानानं १४ जुलै १९९८ च्या सौरज्वालेनंतर डोलणाऱ्या कमानी टिपल्या आणि हा मार्ग खुला झाला.

समजा कमानीची लांबी २ लाख किमी आणि आवर्तकाल ३०० सेकंद. मूलभूत दोलनात लहर एका आवर्तकालात कमानीवरून जाऊन परत येते, म्हणून किंक वेग = ४ लाख भागिले ३०० = सेकंदाला सुमारे १,३३० किमी. कमानीबाहेरची घनता आतल्याच्या दहावा भाग धरली, तर आतला आल्फव्हेन वेग मिळवण्यासाठी या वेगाला २ भागिले १.१ च्या वर्गमुळानं, म्हणजे १.३५ नं भागायचं. सेकंदाला सुमारे ९९० किमी येतात. घन सेंटिमीटरला १०० कोटी इलेक्ट्रॉन धरून या वेगाला लागणारं क्षेत्र सुमारे १६ गॉस.

आता चुका कुठून शिरतात ते पाहा. आवर्तकाल २-३ टक्क्यांपर्यंत नेमका मिळतो, त्याची काळजी नको. लांबी १० टक्के चुकली तर क्षेत्रही १० टक्के चुकतं. आणि लांबी चुकतेच, कारण कमान झुकलेली असते आणि चित्रात तिची सावली तेवढी दिसते. पायांमधलं अंतर मोजून अर्धवर्तुळ धरणं (लांबी = अंतर × १.५७) ही पहिली पायरी. दुसऱ्या कोनातून पाहणाऱ्या यानाचं चित्र मिळालं तर त्रिमितीय आकार काढा. घनता दुपटीनं चुकली तर क्षेत्र १.४ पट चुकतं. तेव्हा उत्तर "१५.७ गॉस" असं न लिहिता "१० ते २० गॉस" असं लिहिणं प्रामाणिक.

एकेका कमानीऐवजी सर्वदूर धावणाऱ्या लहरी वापरून २०२० मध्ये कॉम्पच्या निरीक्षणांतून प्रभामंडलाचा क्षेत्रनकाशाच तयार झाला. त्यात १.०५ ते १.३५ सौरत्रिज्यांदरम्यान १ ते ४ गॉस क्षेत्र दिसलं.

८. वेव्हलेट आलेखात (कोणत्या वेळी कोणत्या आवर्तकालाला किती शक्ती ते दाखवणाऱ्या) ठळक आवर्तकाल दिसतोय, ९५ टक्के खात्रीची रेषाही ओलांडली आहे. खरा मानू ना?

एवढ्यावर नाही. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, त्यामुळे हे उत्तर सावकाश वाचा.

पहिली चूक गोंगाटाबद्दलची. प्रभामंडलाच्या तेजात लांब आवर्तकालांना आपोआपच जास्त शक्ती असते, त्याला लाल गोंगाट म्हणतात. अनेक सॉफ्टवेअरमध्ये खात्रीची रेषा पांढऱ्या गोंगाटावर, म्हणजे सर्व आवर्तकालांना सारखी शक्ती धरून, बेतलेली असते. मग १०-१५ मिनिटांच्या आसपास काहीही "सिद्ध" होतं. पार्श्वभूमी म्हणून घातनियमाचा (पॉवर-लॉ) उतार बसवा आणि शिखर त्याच्या वर येतं का ते पाहा.

दुसरी चूक कल काढण्याची. समजा तुम्ही १० मिनिटांची सरकती सरासरी वजा केली. लांब आवर्तकाल छाटले गेले, लहानांत मुळात शक्ती कमी होती, म्हणून मधोमध एक फुगवटा उरतो. तो तुमच्या खिडकीनं घडवलेला असतो. ५, १० आणि १५ मिनिटांच्या खिडक्या वापरून पाहा. शिखर खिडकीसोबत सरकलं तर ते टाकून द्या.

तिसरी मोजणीची. १०० × १०० पिक्सेलचा भाग तपासला तर ९५ टक्क्यांच्या कसोटीवर ५०० पिक्सेल निव्वळ योगायोगानं उत्तीर्ण होतील. खरं दोलन सलग पिक्सेलच्या पट्ट्यात आणि समान कलेत दिसतं, विखुरलेल्या ठिपक्यांत नाही. वेव्हलेट आलेखाच्या दोन्ही टोकांकडचा, विश्वासार्ह भाग दाखवणाऱ्या शंकूबाहेरचा भागही धरू नका.

एक कसोटी कधीच चुकवू नये: लाल गोंगाटाच्या हजारभर कृत्रिम नोंदी तयार करून त्याच प्रोग्राममधून काढा. त्यांतही तुमच्यासारखी शिखरं वारंवार येत असतील, तर सूर्याबद्दल अजून काहीच कळलेलं नाही.

९. ५ मिनिटांचं दोलन मिळालं. म्हणजे ते सूर्याच्या अंतर्भागातूनच आलं का?

शक्यता चांगली आहे, पण आवर्तकाल जुळणं हा पुरावा नव्हे. सूर्याच्या अंतर्भागातल्या ध्वनिलहरी ५ मिनिटांच्या (३.३ मिलिहर्ट्झ) आसपास सर्वांत बलवान असतात. वर्णगोलाकडे सरळ वर जाताना त्या अडतात, कारण सुमारे ३ मिनिटांपेक्षा लांब आवर्तकालांना वाट मिळत नाही. बलरेषा तिरकी असेल तर तिच्या दिशेनं गुरुत्वाचा प्रभाव कमी पडतो आणि ५ मिनिटांची लहरही निसटून वर येते. म्हणूनच सौरडागाच्या मधोमध, उभ्या क्षेत्रावर, ३ मिनिटं आढळतात आणि कडेच्या, पंख्यासारख्या पसरलेल्या तिरक्या बलरेषांत ५. कॉम्पच्या डॉप्लर नोंदींतही ३.५ मिलिहर्ट्झजवळ शिखर येतं. मात्र २ लाख किमीच्या कमानीचा स्वतःचा किंक आवर्तकालही ५ मिनिटांच्याच घरात पडतो (प्रश्न ७). फरक करायचा तर वेगवेगळ्या लांबीच्या कमानी मोजा. आवर्तकाल लांबीसोबत वाढला तर दोलन कमानीचं स्वतःचं आहे.

१०. सौरडागावरच्या पंख्यात पट्टे बाहेर सरकतात. ही मंद लहर की वाहणारा प्लाझ्मा?

चित्रावरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि या प्रश्नावर संशोधकांमध्येही बराच वाद झाला आहे. तपासायला तीन खुणा आहेत. मंद लहरीचा वेग तापमानाच्या वर्गमुळानुसार बदलतो, म्हणून १९३ मधले पट्टे १७१ मधल्यांपेक्षा थोडे वेगानं सरकायला हवेत. वर जाणाऱ्या मंद लहरीत तेज आणि निळ्याकडचं डॉप्लर विस्थापन एकाच वेळी वाढतात. प्रवाह असेल तर वर्णपटरेषेची निळी बाजू ठरावीक काळानं फुगते आणि रेषा रुंदावते. सेकंदाला ८०-१२० किमी हा वेग १५० च्या ध्वनिवेगापेक्षा कमी आला म्हणून घाबरू नका, पंखा तुमच्याकडे झुकलेला असतो. ध्वनिवेगाच्या स्पष्टपणे वर आला तर मात्र मंद लहर हे नाव सोडा.

११. खरी आल्फव्हेन लहर कुणाला दिसली आहे का?

नावावरून मोठा वाद आहे. २००७ मध्ये कॉम्पच्या निरीक्षणांत बलरेषांच्या दिशेनं सेकंदाला १,००० किमीपेक्षा जास्त वेगानं धावणाऱ्या लहरी सापडल्या आणि त्यांना आल्फव्हेन लहरी म्हटलं गेलं. अख्खी नळी आडवी हलते म्हणून त्यांना किंक म्हणावं, असा आक्षेप लगेच आला. आमच्या मते निरीक्षकानं "आडव्या लहरी" लिहावं, म्हणजे जे पाहिलं तेवढंच सांगितलं जातं.

पिळाच्या लहरीची खूण वेगळी आहे: नळीची एक कड निळ्याकडे सरकते तेव्हा दुसरी तांबड्याकडे, आणि अर्ध्या आवर्तकालानं उलट. नळीच्या दोन्ही कडा वेगळ्या दिसल्या नाहीत तर हे सारं मिसळून रेषा नुसती रुंद दिसते. म्हणून त्यासाठी ४ मीटर आरशाच्या डीकेआयएसटीसारखी दुर्बीण लागते.

१२. दोलन तीन-चार हेलकाव्यांत का विरतं? आणि काही कमानी तासन्‌तास का डोलत राहतात?

किंक दोलनाची ऊर्जा कमानीच्या कडेला, जिथे घनता हळूहळू बदलते, पिळाच्या हालचालीत उतरते. डोलणं थांबलेलं दिसतं तेव्हा ऊर्जा बरीचशी तिथेच असते, फक्त चित्रात न दिसणाऱ्या रूपात. मंद लहरी मात्र मुख्यतः उष्णतावहनानं विरतात.

न विरणारी दोलनं वेगळीच जात आहे. त्यांना उद्रेक लागत नाही आणि आयाम साधारण २०० किमी, म्हणजे एआयएच्या अर्ध्या पिक्सेलइतका असतो. म्हणूनच ती २०१२ पर्यंत नजरेतून सुटली. त्यांच्यासाठी हालचाल मोठी करून दाखवणारी संगणकीय पद्धत वापरतात. ती वापरली असेल तर हालचाल जितक्या पटीनं मोठी केली त्या पटीनं आयाम भागूनच लिहा.

१३. अख्ख्या बिंबावर पसरणारी अतिनील लहर याच कुटुंबातली का?

दूरची नातलग. ती उद्रेकातून निघते आणि सेकंदाला २०० ते १,००० किमी किंवा जास्त वेगानं गोलाकार पसरते. वाटेतल्या कमानींना तीच धक्का देते, म्हणून तिच्या पोहोचण्याची वेळ नोंदवा. दोलनाची सुरुवात त्या वेळेशी जुळायला हवी.

१४. सौरज्वालेत मला नेमका २४ सेकंदांचा आवर्तकाल मिळाला. शोध लागला का?

नाही. सौरज्वालेच्या वेळी एआयए एकाआड एक फ्रेमचं एक्सपोजर आपोआप कमी करतं. एक फ्रेम भरलेली, एक फिकी, म्हणजे २४ सेकंद. एक्सपोजर वेळेनं भागल्यावरही तेज ओसंडलेल्या फ्रेम दुरुस्त होत नाहीत. त्या वगळा आणि २४ सेकंदांच्या अंतरावरच्या छोट्या एक्सपोजरच्या फ्रेमच वापरा. दोन वाहिन्यांची कला तुलताना प्रत्येक फ्रेमची खरी वेळ हेडरमधून घ्या. वाहिन्या एकाच क्षणी टिपल्या जात नाहीत. तसंच विषुवदिनांच्या आसपास दोन-तीन आठवडे पृथ्वी रोज या यानाच्या आड येते, कधी ७२ मिनिटांपर्यंत. त्या खाचा भरून काढू नका.

१५. याच लहरी प्रभामंडल तापवतात का?

शांत सूर्यावर प्रभामंडल तापतं ठेवायला चौरस मीटरला सुमारे ३०० वॉट लागतात, सक्रिय भागात सुमारे १०,०००. कॉम्पच्या २००७ च्या नोंदींत दिसलेली ऊर्जा ०.०१ वॉटच्या पातळीची होती. २०११ मध्ये एआयएच्या चित्रांतून सेकंदाला २० किमीपर्यंतच्या आडव्या हालचाली मिळाल्या आणि शांत भागात १०० ते २०० वॉट निघाले. एवढी तफावत का? कॉम्पचा पिक्सेल ४.५ कोनीय सेकंदांचा. त्यात आणि दृष्टिरेषेवर असंख्य तंतू वेगवेगळ्या कलेत डोलतात, त्यांचे डॉप्लर वेग एकमेकांना खोडतात आणि रेषा फक्त रुंदावते. शांत भागासाठी आकडा पुरेसा वाटतो, सक्रिय भागासाठी नाही. आणि ऊर्जा पोहोचते हे कळलं तरी ती उष्णतेत कुठे, किती वेगानं बदलते हे अजून मोजायचं आहे.

१६. सोलार ऑर्बिटर आणि एआयएमध्ये तीच कमान मोजली, आवर्तकाल जुळतो पण कला जुळत नाही. का?

प्रकाशाला लागणारा वेळ विसरला असाल. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत प्रकाश सुमारे ४९९ सेकंदांत येतो. सोलार ऑर्बिटर पृथ्वीच्या ०.३ पट अंतरावर असेल तर तिथे तो १५० सेकंदांतच पोहोचतो. फरक ३४९ सेकंदांचा, म्हणजे अख्ख्या एका हेलकाव्याहून जास्त. दोन्ही नोंदी सूर्यावरून प्रकाश निघाल्याच्या वेळेवर आणा, मग तुलना करा. तरीही फरक उरला तर दोन यानांमधला कोन पाहा: एका यानाला आडवी दिसणारी हालचाल दुसऱ्याला जवळजवळ दृष्टिरेषेतच होताना दिसत असेल, आणि तिथे मोजलेली "कला" शेजारच्या दुसऱ्याच तंतूची असू शकते.